टॉप ऑफ द पॉप्स : पुनःप्रक्षेपणातून गळलेले गुरुवार

आधी एका तारखेचं कोडं सोडवू. 'टॉप ऑफ द पॉप्स' हा बीबीसीचा, त्या आठवड्याच्या विक्री-क्रमवारीतली गाणी दाखवणारा, बहुतेक काळ गुरुवारी लागणारा टीव्ही कार्यक्रम. त्याचा पहिला भाग १ जानेवारी १९६४चा. एप्रिल २०११मध्ये बीबीसी फोर या वाहिनीने जुने भाग दर आठवड्याला ओळीने दाखवायला घेतले, ते मात्र १ एप्रिल १९७६च्या भागापासून. मधली बारा वर्षं कुठे गेली? वरवरचा हिशोब असा, की ३५ वर्षांपूर्वी याच आठवड्यात ब्रिटनमध्ये काय वाजत होतं ते बघायचं. हिशोब गोड आहे, पण खरं कारण संग्रहाच्या कपाटात होतं. १९७६च्या आधीचं सलग दाखवावं इतकं काही उरलेलंच नव्हतं.

तेव्हाची दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप महाग होती. एक कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरायची, हा रोजचा रिवाज. शिवाय कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुनं रेकॉर्डिंग पुन्हा दाखवायचं म्हटलं की पुन्हा पैसे मोजावे लागत, तेही मर्यादित वेळा. मागच्या आठवड्याच्या गाण्यांचा कार्यक्रम जपून ठेवावा असं त्यामुळे कोणाला वाटलंच नाही. पहिल्या पाचशेच्या आसपास भागांपैकी पूर्ण म्हणावेत असे वीसेकच शिल्लक आहेत. मँचेस्टरच्या रशोम भागातल्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ करून तिथे काढलेले सुरुवातीचे भाग तर जवळपास सगळेच गेले.

बीटल्स या कार्यक्रमाच्या स्टुडिओत प्रत्यक्ष येऊन वाजवून गेले ते एकदाच, १६ जून १९६६ला. तीही टेप पुसली गेली. २०१९मध्ये त्यातले अकरा सेकंद सापडले, आवाजाशिवाय. कोणीतरी घरातल्या टीव्हीसमोर आठ मिलिमीटरचा हौशी कॅमेरा धरून पडद्याचंच चित्रीकरण केलं होतं. गायक डेव्हिड बोवीचं जानेवारी १९७३मधलं सादरीकरण वाचलं, तेही एका कॅमेरामनमुळे. त्याने त्या दिवशी स्वतः जमवलेली फिश-आय (चित्र गोल फुगवून दाखवणारी) भिंगं वापरली होती आणि आपलं काम दाखवायला असावी म्हणून एक प्रत मागून घेतली. ती जवळजवळ चार दशकं त्याच्याकडेच होती. जगात ही एकच प्रत आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. २०११च्या अखेरीस ती बाहेर आली.

गायक प्रत्यक्ष न गाता रेकॉर्डवर नुसते ओठ हलवतात, या जुन्या वादाबद्दल थोडक्यात. १९६६मध्ये वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड लावून नुसता अभिनय करायला हरकत घेतली. तडजोड अशी निघाली, की कार्यक्रमासाठी गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायचं, तीन तासांत, संघटनेच्या माणसासमोर. जी रेकॉर्ड करायला स्टुडिओत आठवडे लागले ती तीन तासांत परत कशी होणार? मग त्या माणसाला कोणीतरी बाजूच्या पबमध्ये घेऊन जायचं आणि तेवढ्यात मूळ टेप नव्या डब्यात जायची. संगीत क्षेत्रातल्या मंडळींनी हे किस्से नंतर इतक्या उघडपणे सांगितले आहेत, की संघटनेच्या माणसालाही ते ठाऊक असणारच.

आता १९७६. या वर्षाची एक तयार आख्यायिका आहे : पंक हे बंडखोर रॉक संगीत आलं आणि सगळं उलथून टाकलं. पुनःप्रक्षेपण सुरू झालं तेव्हा पुष्कळ प्रेक्षक त्याच अपेक्षेने बसले होते. दिसलं वेगळंच. पहिल्याच भागात क्रमांक एकवर ब्रदरहुड ऑफ मॅनचं गाणं होतं. दोनच दिवसांनी ते हेगमध्ये युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकणार होतं आणि क्रमांक एकवर एकूण सहा आठवडे मुक्काम ठोकणार होतं. जूनमध्ये कापणीच्या यंत्रावरचं एक विनोदी ग्रामीण गाणं शिखरावर गेलं, उन्हाळाभर एल्टन जॉन आणि किकी डी, त्यानंतर सप्टेंबरपासून सहा आठवडे अब्बा. सेक्स पिस्टल्स हा पंक बँड पडद्यावर आला तो १९७७च्या जुलैत, तेही फिल्मवर. एखाद्या वर्षाची 'सर्वोत्तम गाणी' निवडून ऐकली की ते वर्ष फार हुशार वाटतं. सगळे गुरुवार ओळीने पाहिले की मधला भुसाही खावा लागतो. मला स्वतःला भुशातच जास्त मजा आली.

या भागांमध्ये गाण्याइतकंच बघण्यासारखं आहे ते मागच्या गर्दीत. स्टुडिओतली पोरं-पोरी समोरच्या बँडकडे बघतच नाहीत. नजर वर टांगलेल्या मॉनिटरकडे, आपण दिसतोय का याकडे. कॅमेऱ्याची अवजड गाडी गर्दीतून पुढे सरकते, कानाला हेडफोन लावलेला कोणीतरी हाताने दोघी-तिघींना बाजूला ढकलतो, त्या हसून परत तिथेच येऊन डुलू लागतात. गाण्याचा ताल एक, त्यांचा दुसरा. निवेदकाभोवती मुलींचा घोळका उभा करायची पद्धत होती आणि त्याचा हात कोणाच्या तरी खांद्यावर असायचाच. २०११मध्ये हे पाहताना 'काय तो काळ' म्हणून हसू यायचं. वर्षभरात ते हसू गेलं.

नृत्यपथकांचं प्रकरणही याच वर्षातलं. १९६८पासून कार्यक्रमाची ओळख झालेल्या पॅन्स पीपल या मुलींच्या पथकाचा शेवटचा नाच २९ एप्रिल १९७६चा, म्हणजे पुनःप्रक्षेपणाच्या प्रेक्षकांच्या वाट्याला त्या जेमतेम महिनाभर आल्या. त्यांच्या जागी स्त्री-पुरुषांचं, गोऱ्या-काळ्यांचं मिश्र पथक आलं आणि काही महिन्यांत गेलंही. ऑक्टोबरपासून पुन्हा फक्त मुलींचं पथक.

क्रमवारीचा इतिहास बराच लांबडा आहे. एवढं लक्षात असू द्यावं, की फेब्रुवारी १९६९पर्यंत बीबीसी वेगवेगळ्या संगीत-साप्ताहिकांच्या याद्यांची सरासरी काढून स्वतःची यादी बनवत असे. त्यानंतर सुमारे ३०० दुकानांच्या विक्री-वह्यांवरून एकच यादी होऊ लागली. कोणत्या दुकानांच्या वह्या जातात हे रेकॉर्ड कंपन्यांना कळायला वेळ लागला नाही, आणि मग त्याच दुकानांत गिऱ्हाईक पाठवणंही ओघाने आलं. १९८३पासून इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसली. आपल्याकडे गीतमालेच्या पायदानांवरून घराघरात जी हुज्जत चालायची तिला नेमका आकडा असा नव्हताच. इथे आकडा होता, पण हुज्जत तीच.

तर मूळ मुद्दा : वगळण्याचा.

पुनःप्रक्षेपणाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, २०११मध्येच, पहिली ठिणगी पडली. १९७६च्या एका भागातून एका गायक-निर्मात्याचं गाणं कापून टाकलेलं आढळलं. २००१मध्ये अल्पवयीन मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी त्याला शिक्षा झाली होती. त्याने तक्रार केली, की हा इतिहास पुसण्याचा प्रकार आहे. आश्चर्य म्हणजे तक्रार मान्य झाली. खुद्द बीबीसीच्या प्रमुखाने त्याची माफी मागितली आणि ते सादरीकरण कापायला नको होतं असं कबूल केलं. म्हणजे २०११ची भूमिका अशी होती, की गुन्हा गुन्ह्याच्या जागी, जुना कार्यक्रम जुन्या कार्यक्रमाच्या जागी.

ही भूमिका वर्षभरही टिकली नाही. ऑक्टोबर २०१२च्या सुरुवातीला एका प्रतिस्पर्धी वाहिनीच्या माहितीपटात या कार्यक्रमाच्या सर्वांत जुन्या निवेदकावर लैंगिक छळाचे आरोप झाले. १९६४चा पहिला भाग सादर केला तोच हा माणूस. तो ऑक्टोबर २०११मध्ये वारला होता, आणि त्याने सादर केलेले भाग त्यानंतरही दाखवले जात होते. आरोपांचा पूर आला तसे ते भाग थांबले, ते थांबलेच. फेब्रुवारी २०१६मध्ये आलेल्या न्यायाधीशांच्या चौकशी-अहवालाने बीबीसीतल्या कामाच्या आडून त्याने छळलेल्यांची संख्या ७२ नोंदवली. त्यातल्या काही घटना याच कार्यक्रमाच्या स्टुडिओतल्या होत्या. मघाशी सांगितलेला तो खांद्यावरचा हात यानंतर कोणालाही निरागसपणे बघता येणार नाही, आणि तो दिवाणखान्यात साडेसातला दाखवू नये याबद्दल माझंही दुमत नाही.

अडचण पुढची आहे. २०१२च्या अखेरीस आणखी एका नियमित निवेदकाला अशाच आरोपांवरून अटक झाली आणि त्याचेही भाग यादीतून गेले, खटला उभा राहण्याआधीच. फेब्रुवारी २०१४मध्ये ज्यूरीने त्याला बहुतेक आरोपांतून निर्दोष ठरवलं. भाग परतले नाहीत. सप्टेंबरमध्ये पुन्हा चाललेल्या खटल्यात एका आरोपात तो दोषी ठरला, शिक्षा निलंबित झाली. म्हणजे मधले काही महिने असे होते, की बहुतेक आरोप गळाले होते आणि उरलेल्यांवर निकाल नव्हता. वगळण्यामागे होती ती मुख्यतः अस्वस्थता. नियम कोणता? दोषी ठरल्यावर वगळायचं, आरोप झाल्यावर, की लोक बोलतील म्हणून? गायकासाठी एक आणि निवेदकासाठी दुसरा नियम का? याचं एकसंध उत्तर कधी पुढे आलं नाही. प्रत्येक वेळी त्या त्या आठवड्यापुरता निर्णय होत गेला असं दिसतं.

तिसरं नाव या रांगेत चुकून बसवलं जातं, म्हणून वेगळं सांगायला हवं. १९८२पासून सादर करणाऱ्या एका निवेदकाचे भागही दिसत नाहीत. त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता. आपले भाग पुन्हा दाखवायला त्याने संमती दिली नव्हती, एवढंच. २०१४मध्ये तो वारला, तरी त्याची इच्छा पाळली गेली. पण पडद्यावर तिन्ही पोकळ्या सारख्याच दिसतात. कोणता गुरुवार का गळला याची पाटी लागत नाही. नव्या प्रेक्षकाने त्या सभ्य माणसाला बाकीच्या दोघांच्या पंक्तीला बसवलं तर दोष कोणाचा?

निवेदक आळीपाळीने यायचे हे इथे महत्त्वाचं. एक माणूस वगळला की त्याच्या पाळीच्या आठवड्यातले सगळे बँड, नर्तकी, त्या दिवशी गर्दीत उभी असलेली पोरं, सगळेच जातात. एखाद्या बँडचं आयुष्यातलं एकमेव गाणं नेमकं त्याच गुरुवारी असेल तर त्याच्यापुरता तो कार्यक्रम १९६४च्या टेपांसारखाच पुसला गेला. टेप आता शाबूत आहे, एवढाच फरक. फक्त निवेदन कापून गाणी ठेवण्याचा मार्ग होता. संध्याकाळी लवकर लागणारा अर्ध्या तासाचा भाग आणि रात्री उशिरा लागणारा पूर्ण भाग अशा दोन आवृत्त्या होतच होत्या. कात्री चालवायची सवय नव्हती असं नाही. ती चालवली असती तर पडद्यावर ढळढळीत भोक दिसलं असतं. अख्खा भाग काढला की काहीच दिसत नाही. प्रसारकाला दुसरी पद्धत जास्त सोयीची वाटली असावी, हा माझा तर्क.

प्रेक्षकांनी आपली सोय केली. नव्वदच्या दशकात एका उपग्रह वाहिनीने हेच भाग दाखवले होते. तेव्हा घरी व्हीएचएसवर भरून ठेवलेल्या कॅसेटी बाहेर निघाल्या आणि गळलेले गुरुवार हातोहात फिरू लागले. चित्र थरथरतं, कोपऱ्यात वाहिनीचं जुनं चिन्ह, मध्येच जाहिरात. अकरा सेकंदांच्या बीटल्सची गोष्ट पुन्हा तीच, फक्त कॅमेऱ्याच्या जागी व्हीसीआर.

काही पोकळ्या मुळातल्याच आहेत, त्यांच्यासाठी कोणाला जबाबदार धरायला नको. १९८०च्या उन्हाळ्यात बीबीसीने आपले वाद्यवृंद बंद करायला घेतले, वादक संपावर गेले आणि कार्यक्रम आठवडेच्या आठवडे लागलाच नाही. परतला तेव्हा स्टुडिओतला साथीचा वाद्यवृंद गेला होता. त्याआधीच्या वर्षी उलटा संप पावला होता : प्रतिस्पर्धी वाहिनीवर संप असताना, १९७९च्या शरदात, प्रेक्षकसंख्या सुमारे १ कोटी ९० लाखांवर गेली. तो आकडा पुन्हा कधी दिसला नाही. पुढे १९९१मध्ये गायकांनी प्रत्यक्ष गावं असा नियम आला, १९९६मध्ये गुरुवार सुटून शुक्रवार आला, २००५मध्ये कार्यक्रम बीबीसी टूवर रविवारी ढकलला गेला.

पुनःप्रक्षेपण ३५ वर्षांचं अंतर सोडून कधीच पुढे धावलं आणि नव्वदच्या दशकात शिरलं. तिथे आरोप झालेले निवेदक नाहीत, गळतीही कमी. पण ही रांग संपते ३० जुलै २००६च्या भागावर. त्या शेवटच्या साप्ताहिक भागात पूर्वीचे बरेच निवेदक एकत्र आले होते. सगळं आवरल्यावर रिकाम्या स्टुडिओत एक म्हातारा उरतो, भिंतीपाशी जातो आणि दिवे बंद करतो. हा तोच, १९६४चा पहिला भाग सादर करणारा.