न काढलेला कोपरा

इलेमेंटरीच्या चित्रकला परीक्षेसाठी खोली काढताना माझा कोपरा तीन रेघांत उरकायचा: एक उभी, दोन तिरक्या. पुढे कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या माजघरात बसून तो कोपरा नीट पाहिला, तर तिथे रेघ नव्हतीच. दारातून आलेल्या उन्हाने एक भिंत उजळली होती, दुसरी सावलीत होती. चुना दोन्हींवर एकच. उजेड जिथे बदलत होता, तिथे रेघ ओढत होता माझा मेंदू.

हे मेंदूत कसं घडतं, याचा धागा अपघाताने सापडला. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोन शास्त्रज्ञ मांजरीच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागातली एकेक पेशी तपासत होते. काचपट्टीवरचे ठिपके दाखवून पेशी ढिम्म हलेना. काचपट्टी सरकवताना मात्र तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी तडतडू लागली. तिला ठिपक्याशी देणंघेणं नव्हतं. ठरावीक कलाची कड हवी होती. कुणाला उभी कड लागते, कुणाला आडवी, कुणाला तिरकी. या कामाला 1981 साली नोबेल मिळालं.

फ्रेंच चित्रकार आंरी मातीसने 1911 मध्येच हे कुंचल्याने पारखलं होतं, असं मला वाटतं. पॅरिसजवळच्या आपल्या कामाच्या खोलीचं त्याने सहा फूट उंच, सात फुटांहून रुंद चित्र केलं. आधी भिंती गुलाबी होत्या, जमीन निळी, सामान पिवळट. मग या सगळ्यावर त्याने लाल रंग फासला. टेबल, खुर्ची, उभं घड्याळ आता नुसत्या बारीक रेघांत उरलं आहे. जवळून पाहिलं तर त्या रेघा लालावर काढलेल्या नाहीतच. लाल लावताना सोडलेल्या फटींतून खालचा रंग डोकावतो. आणि डावीकडच्या कोपऱ्याची उभी रेघ त्याने घातलेलीच नाही. भिंत, जमीन, सगळं एकच लाल. तरी टेबलाच्या तिरक्या कडा खोली आत नेतात, आणि कोपरा आपण स्वतःच उभा करतो.

डच चित्रकार मोंद्रियानने पुढे खोलीही काढून टाकली, उभ्या-आडव्या रेघा तेवढ्या ठेवल्या. मला ओढ मातीसचीच जास्त, कारण त्याच्या चित्रात अजून बसायला खुर्ची आहे.

वाड्यात बसून पापण्या जवळजवळ मिटून पाहा. खुंटीवरची टोपी, पोपडे, फरशीवरचे डाग विरघळतात. कोनाड्याची चौकट मात्र शेवटपर्यंत राहते.