'प्राइड अँड प्रेज्युडिस': छोट्या आणि मोठ्या पडद्यावरच्या रूपांतरांची पार्श्वभूमी

जेन ऑस्टिन यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीच्या पडद्यावरील रूपांतरांचा विषय निघाला की बहुतेकदा दोनच कलाकृतींची तुलना होते. एक म्हणजे बीबीसीची १९९५ची सहा भागांची मालिका आणि दुसरी म्हणजे जो राइट यांनी दिग्दर्शित केलेला २००५चा चित्रपट. मालिका मूळ कादंबरीशी प्रामाणिक आणि चित्रपट देखणा पण घाईचा, असा निकाल सहसा त्यातून लावला जातो. हा निकाल अपुरा आहे. कोणत्या रूपांतराने कादंबरीतले काय ठेवले आणि काय गाळले, हे केवळ दिग्दर्शकाच्या निष्ठेवर ठरलेले नाही. प्रत्येक वेळी हाताशी किती वेळ होता, प्रेक्षक एका बैठकीत पाहणार होता की आठवड्याआठवड्याने, आणि पैसा कोण घालत होते, या गोष्टींनी कथेला तिचा आकार दिला. त्यासाठी या रूपांतरांचा जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

कादंबरी २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनचे प्रकाशक थॉमस एजर्टन यांनी तीन खंडांत प्रसिद्ध केली. शीर्षकपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. आधीच्या कादंबरीच्या लेखिकेची ही कृती, एवढाच उल्लेख होता, आणि हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले होते. तीन खंडांची ही बाब इथे महत्त्वाची आहे. त्या काळी पैसे भरून पुस्तके घरी नेण्याची सोय असलेली वाचनालये एकेक खंड वाचकाला देत असत, त्यामुळे खंड कुठे संपतो याला अर्थ होता. पहिला खंड नायिका एलिझाबेथ बेनेटची मैत्रीण शार्लट लुकस आणि बेनेटांचे नातेवाईक मिस्टर कॉलिन्स यांचे लग्न ठरल्यानंतर संपतो, तर दुसरा खंड एलिझाबेथ आपल्या मामा-मामींबरोबर पेम्बर्ली ही हवेली पाहायला निघते तिथे थांबतो. पेम्बर्ली, म्हणजे नायक डार्सीचे घर, वाचकाला दिसते ते तिसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात. म्हणजे कथा थांबवून वाचकाला वाट पाहायला लावण्याची सोय मूळ छपाईतच होती. दूरचित्रवाणीच्या मालिकेने ती नव्याने शोधलेली नाही.

पात्रांना चेहरे आणि पोशाख मिळाले ते चित्रपटाच्या कितीतरी आधी. १८९४ साली चित्रकार ह्यू थॉमसन यांच्या भरपूर रेखाचित्रांनी सजलेली आवृत्ती निघाली आणि टोपडी, बग्ग्या, नृत्याचे दिवाणखाने यांची जी प्रतिमा वाचकांच्या मनात बसली, तिचा ठसा पुढच्या रंगभूमीवर आणि पडद्यावरही राहिला. स्वतः ऑस्टिन मात्र वर्णनांच्या बाबतीत फार हात राखून लिहीत. एलिझाबेथचे डोळे सुंदर आहेत आणि ती चालण्यात दमदार आहे, याखेरीज तिच्या रूपाविषयी कादंबरी फारसे सांगत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक एलिझाबेथबद्दल वाद होतात, त्याचे एक कारण हेही असावे.

पहिले नोंदलेले दूरचित्रवाणी रूपांतर बीबीसीने मे १९३८ मध्ये सादर केले. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. क्युरिग्वेन ल्युइस एलिझाबेथ होत्या आणि संपूर्ण कथा तासाभराच्या आत, थेट प्रक्षेपणात बसवली होती. त्याचे चित्रमुद्रण झाले नाही, त्यामुळे ते आज पाहता येत नाही. १९५२ साली बीबीसीने सहा भागांची मालिका केली, त्यात पीटर कुशिंग डार्सी होते. १९५८ साली पुन्हा एक झाली. याही आता उपलब्ध नाहीत. १९६७ची मालिका मात्र टिकली. या आरंभीच्या प्रयत्नांवरून अभ्यासकही घाईने पुढे जातात, पण एक गोष्ट त्यांनीच घालून दिली: इंग्लंडमध्ये अभिजात कादंबरी दूरचित्रवाणीवर यायची ती भागाभागांनी, आणि ती दाखवणे हे प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या संस्थेचे कर्तव्य मानले जाई.

हॉलिवूडचा मार्ग वेगळा होता. हेलन जेरोम यांनी या कादंबरीवर लिहिलेले नाटक १९३५ साली अमेरिकेत गाजले. ते पाहून विनोदी अभिनेते हार्पो मार्क्स यांनी एमजीएम या चित्रपटसंस्थेचे निर्माते अर्विंग थॉलबर्ग यांना त्यावर चित्रपट काढण्याविषयी कळवले. १९३६ मध्ये थॉलबर्ग यांचे निधन झाल्याने काम रेंगाळले, आणि चित्रपट अखेर १९४० साली आला. दिग्दर्शक रॉबर्ट झी. लेनर्ड, मुख्य भूमिकांत ग्रीअर गार्सन आणि लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि पटकथेवर जेन मर्फिन यांच्याबरोबर नाव होते थेट कादंबरीकार आल्डस हक्सली यांचे. तरीही हा चित्रपट कादंबरीपेक्षा नाटकाच्या अधिक जवळचा राहिला. काळ दोन-तीन दशके पुढे सरकवून पात्रांना फुगीर बाह्यांचे, घेरदार पोशाख दिले गेले. चित्रपटसृष्टीच्या तेव्हाच्या आचारसंहितेत धर्मोपदेशकाला हास्यास्पद दाखवण्यास मज्जाव होता, म्हणून पाद्री मिस्टर कॉलिन्स डार्सीची मावशी लेडी कॅथरिन हिचे ग्रंथपाल झाले. लेडी कॅथरिन शेवटी भाच्याच्या वतीने एलिझाबेथची परीक्षा पाहायला आलेली प्रेमळ मावशी ठरते, आणि पेम्बर्लीची भेट तर चित्रपटात नाहीच. कला दिग्दर्शनाचे ऑस्कर त्याला मिळाले. मला हा चित्रपट प्रसन्न वाटतो, पण त्यात एलिझाबेथला स्वतःविषयी काही कळावे लागत नाही, आणि ही उणीव लहान नाही.

ती उणीव नेमकी कुठे आहे, हे डार्सीच्या पत्रावरून समजते. चौतिसाव्या प्रकरणात डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो आणि एलिझाबेथ ती संतापून धुडकावते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात एक लांबलचक पत्र देतो. पस्तिसावे प्रकरण जवळजवळ पूर्णपणे त्या पत्राने व्यापले आहे आणि छत्तिसावे ते पत्र वाचताना एलिझाबेथच्या मनात काय होते यावर आहे. ती आधी एकही शब्द खरा मानायला तयार नसते. मग डार्सीविषयी तिचे मन कलुषित करणाऱ्या विकहॅम या तरुणाविषयीचा भाग पुन्हा वाचते, त्याचे जुने बोलणे आठवून एकेक गोष्ट तपासते, आणि आपण आजवर स्वतःलाच ओळखले नव्हते, या निष्कर्षापर्यंत येते. बाहेर घडते ते एवढेच की एक तरुणी रस्त्यावर येरझाऱ्या घालत कागद वाचते आहे. पण पूर्ण कादंबरीचा कल इथे बदलतो. कॅमेऱ्याला सर्वांत कठीण अशी ही जागा आहे, आणि म्हणून रूपांतरांची तुलना करायची तर याच जागेवर करावी.

१९४०च्या चित्रपटाने पत्रच काढून टाकले. विकहॅमची हकिगत डार्सी पुढे प्रत्यक्ष भेटीत सांगतो. १९८०च्या बीबीसी मालिकेची पटकथा कादंबरीकार फे वेल्डन यांची होती आणि एलिझाबेथ गार्वी व डेव्हिड रिंटूल हे कलाकार होते. वेल्डन यांनी सगळी कथा एलिझाबेथच्या बाजूने सांगितली आणि तिचे विचार आपल्याला तिच्याच आवाजात ऐकवले. कादंबरीतले निवेदन वरकरणी तटस्थ असते आणि आतून एलिझाबेथच्या नजरेला चिकटून चालते. त्या निवेदनाला वेल्डन यांची रीत सर्वांत जवळची आहे. ही मालिका आज संथ आणि स्टुडिओत बांधल्यासारखी दिसते, हे खरे. तरीही विचार करणारी एलिझाबेथ तिथे जितकी भेटते तितकी नंतर क्वचितच भेटली.

१९९५च्या मालिकेत पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस, निर्मात्या स्यू बर्टविसल आणि दिग्दर्शक सायमन लँग्टन यांनी नेमका उलटा विचार केला. फक्त दिवाणखान्यात भेटणारे पुरुष एरवी काय करतात, हे दाखवायचे त्यांनी ठरवले. म्हणून डार्सी घोडा फेकतो, तलवारबाजी करतो, स्नान करतो. तिसरा भाग नाकारलेल्या मागणीवर संपतो आणि प्रेक्षकाला आठवडाभर थांबावे लागते. चौथ्या भागात डार्सी रात्र जागून पत्र लिहिताना दिसतो आणि त्याचा भूतकाळ दृश्यांतून उलगडतो. कादंबरीत वाचणारी व्यक्ती केंद्रस्थानी होती, मालिकेत लिहिणारी आली. तळ्यात पोहून भिजलेल्या शर्टात डार्सी एलिझाबेथसमोर येतो तो प्रसिद्ध प्रसंग, जो पुस्तकात नाही, त्याच भागाच्या शेवटाकडे आहे आणि याच बदलाचे ते टोक आहे. डार्सी झालेल्या कॉलिन फर्थ यांचे नाव त्याने घरोघरी पोचवले. एलिझाबेथ झालेल्या जेनिफर ईली यांना त्या वर्षीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसते. जवळपास साडेपाच तासांच्या या मालिकेत संवाद आणि घटना कादंबरीशी बऱ्याच जुळतात. सर्वांत प्रामाणिक ही तिची ख्याती त्यावर उभी आहे. पण कथेचा तोल तिने डार्सीकडे झुकवला, आणि ते सहा भागांच्या मोकळिकीमुळे शक्य झाले. मालिका संपण्याआधीच तिच्या व्हिडिओ कॅसेट बाजारात आल्या आणि हातोहात खपल्या, यावरून हा तोल प्रेक्षकांना किती भावला ते कळते.

जो राइट यांच्याकडे दोन तासांहून थोडा अधिक वेळ होता. पटकथा डेबोरा मोगॅक यांची, एलिझाबेथ किरा नाइटली आणि डार्सी मॅथ्यू मॅकफेडियन. राइट यांनी काळ १७९०च्या दशकात, म्हणजे कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला गेला त्या सुमारास नेला. बेनेट कुटुंबाचे घर चिखलाचे, कोंबड्यांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे झाले, आणि वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्न असलेल्या घरासाठी ते जरा जास्तच खेडवळ आहे, असा आक्षेप घेण्यास जागा आहे. मागणीचा प्रसंग पावसात, स्टाउरहेड उद्यानातील देवळासारख्या वास्तूत घडतो. पत्राच्या वेळी एलिझाबेथ आरशासमोर स्तब्ध उभी असते, उजेड सरत जातो, डार्सी मागून येऊन पत्र ठेवतो आणि निघून जातो. पत्रातील मोजकीच वाक्ये ऐकू येतात. दोन प्रकरणांचा मजकूर तिथे एका चेहऱ्यावर आणि बदलत्या प्रकाशावर सोपवलेला आहे. तर्काची पायरी-पायरी त्यात दिसत नाही, पण वेळ कसा गेला हे तिचे तिलाच कळले नाही, ही कादंबरीतली जाणीव त्यात आहे. या एका दृश्यापुरता तरी चित्रपट मालिकेपेक्षा पुस्तकाच्या जवळ गेला, असे माझे मत आहे.

पेम्बर्लीबाबतही असाच फरक दिसतो. १९९५ मध्ये बाहेरचे चित्रण चेशरमधील लाइम पार्कला आणि आतले सडबरी हॉलमध्ये झाले. एलिझाबेथ डार्सीच्या रंगवलेल्या चित्रासमोर उभी राहते, जसे कादंबरीत आहे. २००५ मध्ये डार्बीशरमधील चॅट्सवर्थ निवडले गेले. कादंबरीतल्या प्रवासात चॅट्सवर्थचा उल्लेख एक वेगळे प्रेक्षणीय स्थळ म्हणून येतो. तिथल्या शिल्पदालनात चित्राची जागा संगमरवरी अर्धपुतळ्याने घेतली. मोठ्या पडद्यावर शुभ्र मूर्तींच्या रांगेतून चालणारी नायिका शोभते. पण घरातील जुनी कारभारीण मालकाविषयी जे चांगले बोलते, त्याचे वजन त्या शोभेत थोडे हरवते. एलिझाबेथचे मत बदलण्यात त्या साक्षीचा वाटा वास्तूपेक्षा मोठा आहे.

भारतीय प्रेक्षकांपर्यंत ही कथा पुस्तकाबाहेर पोचली ती आधी दूरदर्शनमुळे. १९८५ साली 'तृष्णा' ही हिंदी मालिका याच कादंबरीवर आधारलेली होती. मुलींच्या लग्नाची काळजी आणि मालमत्ता मुलीकडे न जाता दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाण्याची भीती आपल्याकडच्या प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगावी लागली नाही. गुरिंदर चढ्ढा यांच्या २००४च्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये कथा अमृतसरला आली आणि नायिकेच्या मोठ्या बहिणीची भूमिका नम्रता शिरोडकर यांनी केली. १९३८ साली, म्हणजे बीबीसीने हे कथानक प्रथम सादर केले त्याच वर्षी, 'ब्रह्मचारी' चित्रपटातून मराठी घराघरांत पोचलेल्या मीनाक्षी शिरोडकर यांच्या त्या नात.

शेवट कसा करायचा, यावरही माध्यमाची छाप आहे. १९९५ची मालिका दोन बहिणींच्या एकत्रित विवाहसोहळ्याने आणि बग्गीतल्या चुंबनाने संपते. राइट यांचा चित्रपट ब्रिटनमध्ये मिस्टर बेनेट लेकीला संमती देतात तिथेच थांबला; अमेरिकेतील प्रतींत मात्र पेम्बर्लीच्या गच्चीवर रात्री एकमेकांशी बोलणारे नवदांपत्य जोडले गेले. कादंबरी लग्नाच्या पुढे एक प्रकरण चालते. त्यात एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया तिच्याकडे पैशांची मागणी करणारे पत्र पाठवते, लेडी कॅथरिन रुसवा सोडून पेम्बर्लीला येते, आणि अखेरचे वाक्य असते ते गार्डिनर मामा-मामींविषयी: एलिझाबेथला डार्बीशरला आणून या दोघांच्या मीलनाला कारण झालेल्या त्या व्यापारी दांपत्यावर डार्सी आणि एलिझाबेथ यांचा मनापासून लोभ होता. लंडनच्या चीपसाइडजवळ राहणारे हेच ते नातेवाईक, ज्यांच्यावरून डार्सीचा मित्र बिंगली याच्या बहिणी कथेच्या आरंभी बेनेट मुलींना हिणवत असत.