प्रोटीनचा आकार सर्च करणं इथपर्यंत आलं कसं

आज एखाद्या प्रोटीनचं स्ट्रक्चर (त्याचा त्रिमित आकार) सर्च टूलमध्ये टाकलं की तशाच आकाराची बाकीची प्रोटीन्स काही सेकंदांत समोर येतात, पण याची सुरुवात अगदी नुसत्या डोळ्यांनी झाली होती. १९५०च्या दशकाच्या शेवटी केंड्र्यू या शास्त्रज्ञाने मायोग्लोबिनचा (स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं प्रोटीन) आणि पाठोपाठ त्याचा सहकारी पेरुट्झने रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकार एक्स-रे वापरून काढला, आणि बघतात तर हिमोग्लोबिनची प्रत्येक साखळी मायोग्लोबिनसारखीच वळलेली! दोघांची अमिनो ॲसिडं, म्हणजे ज्या मण्यांची साखळी वळून प्रोटीन बनतं ते मणी, मात्र बरीच वेगळी. म्हणजे उत्क्रांतीत ही अमिनो ॲसिडांची अक्षरं बदलत जातात पण घडी, म्हणजे साखळीचा वळलेला आकार, टिकते, आणि माझ्या मते पुढचं सगळं यातूनच निघालं, कारण सिक्वेन्स (अमिनो ॲसिडांचा क्रम) जुळवून जे नातं सापडत नाही ते आकार जुळवून सापडतं.

१९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रयोगातून काढलेल्या स्ट्रक्चर्सचा खुला साठा, सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त ७ स्ट्रक्चर्स होती. ती वाढत गेली तशी डोळ्यांनी तुलना जमेना, मग १९९३ मध्ये डाली हे सॉफ्टवेअर आलं, जे प्रत्येक प्रोटीनमधल्या आतल्या आत असलेल्या अंतरांचा तक्ता करून दोन तक्ते जुळवायचं, नंतर २००५ मध्ये टीएम-अलाइन, हेही दोन आकार जुळवून बघणारं टूल. हजारो स्ट्रक्चर्ससाठी हे पुरेसं होतं.

प्रोटीन डिझाइन, म्हणजे नवं प्रोटीन बनवणं, हा प्रश्न उलटा: आकार हा हवाय, तर सिक्वेन्स कोणता? अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड बेकरच्या लॅबने रोझेटा हे सॉफ्टवेअर वापरून २००३ मध्ये टॉप७ नावाचं प्रोटीन बनवलं, ९३ अमिनो ॲसिडांचं, निसर्गात तोवर न दिसलेल्या घडीचं. मला आजही ते फार मोठं काम वाटतं.

मग सिक्वेन्सवरून आकाराचा अंदाज बांधणारं एआय, अल्फाफोल्ड २, आलं आणि २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त अंदाजित स्ट्रक्चर्स सगळ्यांसाठी खुली झाली. इथे जुनी टूल्स दमली, १० कोटींमध्ये एक स्ट्रक्चर शोधायला टीएम-अलाइनला एका सीपीयू कोअरवर साधारण महिना लागेल असा हिशोब होता. फोल्डसीक या नव्या सर्च टूलने काढलेला मार्ग मला फार आवडतो: प्रत्येक अमिनो ॲसिडचा जागेत जवळ असलेल्या शेजाऱ्याशी कोन-अंतर कसं आहे ते बघून त्याला २० पैकी एक अक्षर द्यायचं. झालं, अख्खा आकार अक्षरांची ओळ बनला, आणि अक्षरं झपाट्याने शोधायची टूल्स तर आधीपासून होतीच.

डिझाइनमध्येही तोवर चित्र बदललं होतं. आरएफडिफ्यूजन हे एआय नॉइजमधून (विस्कळीत बिंदूंमधून) प्रोटीनचा सांगाडा घडवतं, प्रोटीनएमपीएनएन हे दुसरं एआय त्याला सिक्वेन्स देतं, तो सिक्वेन्स खरंच तसा घडी होईल का ते अल्फाफोल्डवर तपासतात. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बेकरला डिझाइनसाठी आणि अल्फाफोल्डवाल्या हसाबिस आणि जंपरला आकाराच्या अंदाजासाठी मिळालं, म्हणजे याच दोन टोकांसाठी. आणि बनवलेला आकार खरंच नवा आहे की निसर्गाने कधीच करून ठेवलाय हे बघायला तो परत फोल्डसीकमध्ये टाकला जातो.