चीनमध्ये चिनी भागीदार घ्यावाच लागतो?

‘चीनमध्ये मोटारी बनवायच्या तर चिनी कंपनीला निम्मा वाटा द्यावाच लागतो’ हे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. एके काळी ते खरंही होतं. १९९४ च्या धोरणाने परदेशी कंपन्यांना ५० टक्क्यांवर रोखलं होतं. फोक्सवॅगनने तर १९८४ मध्येच शांघायमध्ये भागीदारी केली होती. तिथे बनलेली सांताना ही मोटार पुढे गावोगावची टॅक्सी झाली.

पण ही अट आता राहिलेली नाही. २०१८ मध्ये ती इलेक्ट्रिक गाड्यांवरून उठली, २०२० मध्ये ट्रक-बसवरून आणि २०२२ मध्ये उरलेल्या प्रवासी मोटारींवरून. टेस्लाचा शांघायचा कारखाना पहिल्यापासून पूर्ण तिच्याच मालकीचा आहे. बीएमडब्ल्यूनेही शेनयांगमधल्या भागीदारीच्या कंपनीतला आपला हिस्सा ७५ टक्क्यांवर नेला.

बाकीच्यांनी जुने संसार मोडले नाहीत, कारण पुरवठादार आणि विक्रेत्यांचं जाळं कोण उगाच सोडेल? आणि गंमत म्हणजे आता गंगा उलटी वाहतेय. २०२३ मध्ये फोक्सवॅगनने एक्सपेंग या चिनी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीमध्ये सुमारे ५ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, तेही तिच्या तंत्रज्ञानासाठी. लीपमोटर या दुसऱ्या चिनी कंपनीच्या गाड्या चीनबाहेर विकणाऱ्या कंपनीत तर ५१ टक्के वाटा युरोपच्या स्टेलँटिसचा आहे.