मोक्ष मेल्यावरच का?

नागपुरात घाट रोडवरच्या दहनघाटाला मोक्षधाम म्हणतात. नाव ऐकून वाटतं, चितेला अग्नी दिला की मोक्ष मिळाला. पण त्यानंतर घरचे जे विधी करतात, त्यांचा हेतू शास्त्राप्रमाणे मोक्ष हा नाहीच. दहा दिवसांचे पिंड मृताला प्रेतदेह मिळावा म्हणून असतात. बाराव्या दिवशी सपिंडीत प्रेताच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. गेलेला माणूस पितरांत जाऊन बसतो, एवढंच यातून साधतं. आणि पितृलोकाहून परतीची वाट आहे. पितर होणं आणि मुक्त होणं यांतली ही गल्लत जुनी आहे; ती सोडवायची तर मागे जावं लागतं.

ऋग्वेदातल्या माणसाला संसारातून सुटायचं नव्हतं. शंभर शरद जगावं, मुलंबाळं व्हावीत, गाई वाढाव्यात, मेल्यावर यमाच्या लोकात पितर भेटावेत, ही त्याची मागणी. त्र्यंबक मंत्रात (७.५९.१२) काकडी देठापासून सुटते तशी सुटका मागितली आहे खरी, पण ती मृत्यूपासून, अमृतापासून नको, असं लगेच पुढे म्हटलंय. 'मोक्ष' शब्दामागचा मुच् धातू इथे आहे, नंतरचा अर्थ अजून नाही.

तो अर्थ घडायला कारण झाली एक भीती. यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या ब्राह्मणग्रंथांत 'पुनर्मृत्यू', म्हणजे पुन्हा मरण, हा शब्द येतो. यज्ञाने मिळवलेलं पुण्य परलोकात संपलं आणि तिथेही मरण आलं तर? आमच्या मते मोक्षकल्पनेचं मूळ या प्रश्नात शोधावं.

छांदोग्य उपनिषदाने (५.१०) त्याचा पूर्ण नकाशाच दिला. यज्ञ-दान करणारा धूर, रात्र, कृष्णपक्ष, दक्षिणायनाचे सहा महिने या वाटेने पितृलोकात आणि तिथून चंद्रावर जातो. पुण्य सरलं की वारा, ढग, पाऊस होत खाली येतो आणि तांदूळ, जव, तीळ, उडीद यांत उगवतो. ही पितृयानाची वाट. अरण्यात श्रद्धा आणि तप करणारे देवयानाने ब्रह्माकडे जातात. ही विद्या उद्दालक या ब्राह्मण ऋषीला राजा प्रवाहण जैवलीने सांगितली. तुमच्याआधी ती ब्राह्मणांकडे गेली नव्हती, असं तो स्पष्ट म्हणतो. बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य त्याही पुढे जातो: मनातल्या सगळ्या कामना सुटल्या की मर्त्य इथेच अमृत होतो. 'इथेच' हा शब्द महत्त्वाचा.

धर्म-अर्थ-काम या त्रिवर्गात मोक्ष चौथा म्हणून नंतर आला. मग दर्शनांचे, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या पंथांचे, वाद सुरू झाले. सांख्यांना पुरुष (आत्मा) प्रकृतीहून (जड सृष्टीहून) वेगळा कळला की पुरे. न्यायमतात मोक्षाला अपवर्ग म्हणतात, म्हणजे दुःखाचा कायमचा शेवट. त्यात आनंदही धरलेला नाही.

जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैताच्या शंकराचार्यांनी मोक्षज्ञानाच्या अधिकाराची अट घातली: नित्य-अनित्याचा विवेक, वैराग्य, शम (मनावर ताबा), दम (इंद्रियांवर ताबा) असे सहा गुण आणि मुमुक्षुत्व, म्हणजे सुटण्याची तळमळ. त्यावर श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे त्याच सत्याचं अखंड चिंतन. चूक बहुधा क्रमात होते. वैराग्य नसताना 'तू तेच आहेस' यासारखं उपनिषदाचं महावाक्य ऐकलं तर ती नुसती माहिती उरते. मनन टाळलं तर शंका तशीच राहते आणि निदिध्यासनात डोकं वर काढते. ज्ञान झाल्यावर देह लगेच का पडत नाही, याचं उत्तर प्रारब्धात आहे. आधी साठलेलं संचित कर्म ज्ञानाने जळतं, पुढचं चिकटत नाही. पण ज्याचं फळ सुरू झालं ते कुंभाराने हात काढल्यावरही फिरणाऱ्या चाकासारखं वेग संपेपर्यंत चालतं. असं देह असतानाच मुक्त असणं, हीच जीवन्मुक्ती. वैष्णव आचार्य रामानुजांनी ती नाकारली: देह आहे तोवर बंध आहे, म्हणून मुक्ती देहपातानंतरच.

हा विचार मराठीत यायला विदर्भाचा मोठा हात आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात. ग्रंथातली अंबानगरी म्हणजे अंबेजोगाई की नागपूर जिल्ह्यातलं, कुही तालुक्यातलं वैनगंगेकाठचं अंभोरा, हा वाद जुना आहे. सगळा ग्रंथ अद्वैताचा, भाषा मात्र लोकांची. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंचं स्थान. त्यांना गुरू मानणाऱ्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरांचं मत उलट टोकाचं: जीव आणि परमेश्वर कधीच एक नव्हेत, देवता मर्यादित फळं देतात, मोक्ष फक्त परमेश्वर देतो. (१९५६ साली दीक्षाभूमीवर लाखोंनी स्वीकारलेल्या धम्मातलं निर्वाण याहून निराळं, तिथे आत्माच मानलेला नाही, तेव्हा आत्म्याची सुटका हा विषयच येत नाही.)

वारकऱ्यांनी सलोकता (देवाच्या लोकात राहणं), समीपता (जवळ असणं), सरूपता (त्याचं रूप मिळणं), सायुज्यता (त्यात एक होणं) या चार मुक्ती ओळखल्या आणि बाजूला ठेवल्या. हरिपाठात देवाच्या दारी क्षणभर उभं राहिलं तरी चारही साधतात. तुकोबा तर मुक्ती, धन, संपदा काहीच नको म्हणतात आणि संतसंगाच्या बदल्यात मागतात, 'गर्भवासीं सुखें घालावें आम्हांसी'. उपनिषदं ज्या परतीतून सुटू पाहत होती, तीच ते मागून घेतात.