रात्रीचं भरीत आणि लिस्टेरिया

हिवाळ्यात जळगावकडे भरीत पार्टी झाली की पातेल्याच्या तळाला वाटीभर भरीत उरतंच. ते फ्रिजमध्ये जातं आणि सकाळी कळण्याच्या भाकरीशी गारच खाल्लं जातं. जाळावर भाजलेल्या वांग्यात जिवाणू टिकत नाहीत. वरून घातलेली कांद्याची पात आणि कोथिंबीर मात्र कच्ची. तिला चिकटलेल्या मातीतून लिस्टेरिया हा जिवाणू येऊ शकतो. ४ अंशांना बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, हा सावकाश वाढतच राहतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की आपण ज्या फ्रिजच्या भरवशावर असतो, तो याला चांगलाच मानवतो.

आतड्याची भिंत ओलांडली की रक्ताबरोबर तो आधी पोचतो यकृतात. तिथे कुप्फर पेशी पहाऱ्यावर असतात, त्या बहुतेकांना गिळून संपवतात. निसटलेले यकृतपेशी गाठतात. यकृताचा तुकडा कापला तरी ते पुन्हा भरून येतं. त्या वाढीचा सांगावा ऐकायला पेशीवर ‘मेट’ नावाचं प्रथिन असतं. लिस्टेरियाच्या अंगावरचं इंटर्नलिन-बी हे प्रथिन नेमकं त्यालाच बिलगतं, आणि पेशी फसून त्याला स्वतःच आत ओढून घेते.

आत तो पातळ पटलाच्या पिशवीत अडकतो. पिशवी आम्ल होऊ लागली की लिस्टेरिओलायसिन-ओ हे विष सोडून तिला भोकं पाडतो. गंमत म्हणजे हे विष आम्लातच जोरात चालतं. बाहेर पेशीरसात ते मंदावतं, म्हणून राहतं घर लगेच कोसळत नाही. तिथे साधारण तासाभरात एकाचे दोन होतात. मग तो पेशीचंच ॲक्टिन हे धाग्यांचं प्रथिन आपल्या एका टोकाला जमवून शेपूट तयार करतो. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी धूमकेतू! त्या रेट्याने तो थेट शेजारच्या पेशीत घुसतो. रक्तातल्या प्रतिपिंडांची आणि त्याची गाठच पडत नाही. बाधित पेशीच मारायला टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना, यावं लागतं.

धडधाकट माणसाचं बहुधा जुलाब-तापावर भागतं. धोका गरोदर बाईच्या बाळाला, म्हाताऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ च्या साथीत हजारावर रुग्ण झाले, दोनशेहून अधिक दगावले; कारण निघालं पोलोनी हा तयार मांसाचा प्रकार. लक्षणं कधीकधी दोन महिन्यांनी दिसतात, तोवर काय खाल्लं होतं ते कुणाला आठवणार?

घरात पोटुशी सून असेल तर पात वाहत्या पाण्यात नीट धुवावी आणि तिच्यासाठी उरलेलं भरीत चांगली वाफ येईपर्यंत तापवावं. ७० अंशांच्या वर लिस्टेरिया तग धरत नाही. तापवल्यावर पातीचा कच्चा करकरीतपणा जातो, हे मात्र कबूल.