अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–१८६५)

अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील ११ राज्ये आणि संघराज्य सरकार यांच्यात झालेले युद्ध. १८६० च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४० लाख माणसे गुलामीत होती. दक्षिणेचा कापूस, ऊस, तंबाखू, भात सारे त्यांच्या घामावर पिकत होते. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मुभा द्यावी की नाही, यावरून १८२० पासून तडजोडी चालू होत्या. हा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवणाऱ्या १८५४ च्या कॅन्झस-नेब्रास्का कायद्याने त्या मोडीत निघाल्या. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरीचा विस्तार थांबवावा, एवढेच त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. तरीही २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना बाहेर पडले.

लढा राज्यांच्या हक्कांसाठी होता, असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असे मिसिसिपीने फुटीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच लिहिले. पळालेले गुलाम पकडून परत देण्याची सक्ती करणारा १८५० चा कायदा रेटताना तर दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी उत्तरेकडील राज्यांचे हक्क धुडकावलेच होते.

१२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टन बंदरातील फोर्ट समटरवर दक्षिणेने तोफा डागल्या आणि युद्ध पेटले. संघराज्य टिकवणे हेच तेव्हा लिंकन यांचे जाहीर उद्दिष्ट होते. त्याला मुक्तीची दिशा दिली ती प्रथम गुलामीतल्या माणसांनी, आणि त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळते. मे १८६१ मध्ये तिघे गुलाम रात्री होडीतून व्हर्जिनियातील, पण उत्तरेच्या ताब्यात असलेल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर पोहोचले. बंडखोरांसाठी तोफांचा मोर्चा बांधायच्या कामावर त्यांना जुंपले होते. मालकाच्या वतीने त्यांना मागायला अधिकारी आला, तेव्हा पेशाने वकील असलेले जनरल बेंजामिन बटलर यांनी नकार दिला: शत्रू यांना युद्धाच्या कामाला लावतो, म्हणून हे जप्त. माणसाला माल ठरवणारा कायदाच मालकावर उलटला. पुढे हजारो लोक बायकामुलांसह उत्तरेच्या छावण्यांकडे धावले.

१३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्स्टनमध्ये गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपले असताना रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूधारकाने ‘प्लँटर’ ही लष्करी आगबोट हाकारली. वाटेत कुटुंबीयांना घेतले, डोक्यावर कप्तानाची हॅट चढवली, फोर्ट समटरसमोर नेमका ठरलेला भोंगा वाजवला आणि पांढरे निशाण लावून बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली.

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी लागू झाला. तो बंडखोर भागापुरताच होता, पण त्याने सैन्यभरतीचे दार उघडले. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, त्यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांसाठी कापलेले. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असला पगार घेण्यास साफ नकार दिला. समान वेतन जून १८६४ मध्ये मंजूर झाले.

उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केल्यावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. जोतीराव फुले यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले.

गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग (जुलै १८६३) येथे दक्षिणेची पीछेहाट सुरू झाली. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनानी जनरल रॉबर्ट ली यांनी ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. पाचच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. युद्धात किमान ६ लाख २० हजार सैनिक मेले, असा जुना अंदाज आहे. नवे अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातात. डिसेंबर १८६५ मध्ये १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

पुढे काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला आणि स्मॉल्स साउथ कॅरोलायनातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. १८७७ मध्ये मात्र दक्षिणेतील नव्या सरकारांमागचे संघराज्याच्या लष्कराचे पाठबळ संपले आणि जुनी सत्ता परतली. १८९५ मध्ये काळ्यांचे मत हिरावणारी राज्यघटना साउथ कॅरोलायनात मांडली गेली, तेव्हा त्या सभेत तिला विरोध करणाऱ्या मोजक्या प्रतिनिधींत स्मॉल्स होते. ती मंजूर झाली.